दोन मॉनिटरचा स्टँड घरी बनवताना: कोकणातल्या हवेत न डुगडुगणारा, न फुगणारा

घरी बनवलेला मॉनिटर स्टँड मोडला, असं सहसा ऐकू येत नाही. तो डुगडुगतो, मधे झोळ धरतो, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात. तिन्ही वेळा लोक एकच उपाय करतात: आणखी जाड फळी आणतात. जाडीने झोळ कमी होतो हे खरं, पण डुगडुग तशीच राहते आणि फुगण्याचा तर जाडीशी संबंधच नाही. डुगडुग थांबते ती मागच्या आडव्या पट्टीने. फुगणं थांबतं ते सगळ्या बाजू, विशेषतः न दिसणाऱ्या बाजू, बंद केल्याने.

इथे दिलेली मापं प्रत्येकी साडेएकवीस इंचाच्या दोन मॉनिटरसाठी आहेत. लांबी १००० मिलिमीटर, खोली २५० आणि उंची ९०. तुमची उंची वेगळी येईल, म्हणून पहिला टप्पा वगळू नका.

भिंतीला ब्रॅकेट ठोकून मोकळं का होऊ नये, हा प्रश्न येतोच. सिमेंटच्या भक्कम भिंतीत जरूर ठोका. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत असेल तर चिरा सच्छिद्र असतो आणि ड्रिल फिरलं की भोकाच्या कडेने भुगा होतो. प्लग आज घट्ट बसलेला वाटतो आणि काही महिन्यांत हलायला लागतो. टेबलावर उभा राहणारा स्टँड त्यापेक्षा बरा.

टप्पा १: आधी टेबल, मग डोळे, मग माप

टेबलाच्या एका कोपऱ्यावर तळहात दाबा. टेबल हललं तर स्टँडचं काम बाजूला ठेवा आणि आधी ते नीट करा. जुन्या घरातला कोबा किंवा फरशी क्वचितच सपाट असते, त्यामुळे चार पायांपैकी एक अधांतरी असतो. त्याखाली रबराचा तुकडा घाला. कागदाच्या घड्या घालू नका, दमट हवेत त्या आठवडाभरात दबतात.

आता रोज बसता त्याच खुर्चीवर, रोज बसता तसेच बसा. फोटोला बसल्यासारखं ताठ नको. घरातल्या कुणाला तरी टेबलाच्या पृष्ठभागापासून तुमच्या डोळ्यांपर्यंतची उंची मोजायला सांगा. मग मॉनिटर त्याच्या मूळ पायावर ठेवून टेबलापासून स्क्रीनच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. दोन्हींतला फरक काढा आणि त्यातून आणखी २० मिलिमीटर वजा करा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी, वर कधीच नको.

उदाहरणार्थ, डोळे ४७० वर आणि स्क्रीनची कड ३६० वर. फरक ११०. स्टँडची उंची ९०.

इथे बहुतेकजण फसतात. कुठेतरी सहा इंची स्टँडचं चित्र पाहतात आणि तेवढाच करतात. मग मान वर करून बसावं लागतं आणि महिन्याभरात खांदे दुखतात. मोठे, २४ किंवा २७ इंची मॉनिटर मूळ पायावरच बरेच उंच असतात, त्यांना पुष्कळदा दोन इंचही जास्त होतात. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर आणखी २० ते ३० मिलिमीटर कमी करा. त्या चष्म्याच्या खालच्या भागातून बघायचं असतं, आणि स्क्रीन उंच असेल तर हनुवटी वर जाते.

तपासणी: काहीही कापण्याआधी ठरलेल्या उंचीइतकी पुस्तकं मॉनिटरखाली ठेवा आणि दोन दिवस काम करून बघा. फळी कापल्यावर उंची वाढवता येत नाही.

मॉनिटरच्या पायाची खोलीही आत्ताच मोजा. तो २५० मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर वरच्या फळीची आणि पायांची खोली तेवढ्याच फरकाने वाढवा. टेबलावर स्टँड मागे ठेवल्यावर डोळ्यांपासून स्क्रीन हातभर अंतरावर येते ना, तेही बघून घ्या.

टप्पा २: लाकूड निवडणं

एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) आणि भुशाचा बोर्ड कोकणात घेऊच नका. मायका लावलेला असला तरी कापलेली कड आणि स्क्रूचं भोक यांतून ओल आत जाते, बोर्ड फुगतो आणि स्क्रूची पकड सुटते.

सगळ्यात सरळ पर्याय म्हणजे १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय. दुकानात पाऊण इंची किंवा सहा सूत म्हणून मागितला तरी हाच मिळतो. त्यावर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) हा शिक्का बघा. ‘वॉटरप्रूफच आहे, घ्या’ या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. साधा कमर्शियल प्लाय थोडीफार ओल सोसतो, पण समुद्राकाठच्या घरात चार महिने सतत राहणाऱ्या दमटपणाला तो पुरा पडत नाही. कडेने बघा: थरांमधे पोकळी दिसली तर तो तुकडा परत करा. बोटाने ठोकत जा. एखाद्या जागी बोदा आवाज आला तर तिथे आत फट आहे.

दुसरा पर्याय घरातच पडलेला असू शकतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत असंख्य झाडं पडली. तेव्हा चिरून घेतलेल्या फणसाच्या, सागाच्या फळ्या अनेकांच्या माळ्यावर अजून आहेत. इतक्या वर्षांत त्या चांगल्या वाळल्या असतील. फळीखाली पिठासारखा भुसा पडलेला नाही आणि तिला टाचणीच्या टोकाएवढी भोकं नाहीत, एवढं बघा. भोकं असतील तर किडा आत आहे. आंब्याच्या फळीत हे जास्त दिसतं. ती फळी घरात आणूच नका, किडा शेजारच्या फर्निचरमधेही जातो.

सावधान: सॉ मिलमधून परवा चिरून आणलेली फळी वापरू नका. इंचभर जाडीची फळी सावलीत, हवेशीर रचून वाळायला साधारण वर्ष लागतं. ओली फळी स्टँड झाल्यावर वाळते, म्हणजे जोडणी झाल्यावर वाकते.

प्लाय की फणस? पहिल्यांदाच करत असाल तर प्लाय घ्या. भरीव लाकूड देखणं दिसतं, पण ते रेषांच्या आडव्या दिशेने कमीजास्त होत राहतं. २५० मिलिमीटर रुंद फळी उन्हाळा ते पावसाळा यांत दोन-तीन मिलिमीटर सहज हलते. ती कशी सांभाळायची ते पाचव्या टप्प्यात येईल.

टप्पा ३: बाकीचं सामान

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ३०४ प्रतीचे घ्या. ८ नंबर, दीड इंची आणि दोन इंची, दोन्ही. जिप्सम बोर्डासाठीचे काळे स्क्रू स्वस्त असतात आणि सगळीकडे मिळतात, म्हणून सगळे तेच वापरतात. खाऱ्या हवेत ते गंजतात. शिवाय ते कडक असल्यामुळे जास्त पिळले की डोकं तुटून हातात येतं आणि दांडा आतच राहतो. पितळी स्क्रू गंजत नाहीत, पण मऊ असतात. ते वापरायचे असतील तर त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू आधी आत घालून काढा, मग पितळी घाला.

याखेरीज पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद (मरीन प्रकारचा फेविकॉल चालतो), सागाची २५ × २५ मिलिमीटर पट्टी दोन मीटर, रबरी पाय, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर आणि पीयू (पॉलियुरेथेन) किंवा तत्सम वॉर्निश लागेल. हत्यारांत मेझर टेप, काटकोन तपासायचा गुण्या, ड्रिल, ३ आणि ४.५ मिलिमीटरचे बिट, स्क्रूचं डोकं बुडवणारा काउंटरसिंक बिट आणि निदान चार सी-क्लॅम्प. क्लॅम्प शेजारच्या सुताराकडून मागून आणा, एका कामासाठी विकत घेण्यात अर्थ नाही.

टप्पा ४: कापणी

हे तुकडे लागतील:

- वरची फळी: १००० × २५०, एक
- पाय: २३० × ६९, तीन
- मागची पट्टी: ९६० × ५०, एक
- सागाचे लांब गुटके: २०० मिलिमीटर लांब, चार
- सागाचे छोटे गुटके: १०० मिलिमीटर लांब, दोन

पायाची उंची ६९ कशी आली? एकूण ९० मधून फळीची जाडी १८ आणि रबरी पायाची ३ वजा केली. रबर विसरणारे खूप आहेत. तुमची उंची वेगळी असेल तर पाय याच रीतीने काढा आणि मागची पट्टी पायापेक्षा १५ ते २० मिलिमीटर कमी ठेवा. खाली उरणाऱ्या फटीतून वायरी जातात आणि हवा खेळते.

तीन पाय का? फळीचा झोळ दोन आधारांमधल्या अंतराच्या घनाच्या पटीत वाढतो. अंतर दुप्पट झालं की त्याच वजनाखाली झोळ आठपट. मधला पाय घातला की अंतर अर्ध्यावर येतं, आणि २५ मिलिमीटरची महागडी फळी आणायची गरज राहत नाही. सततचं वजन आणि कमीजास्त होणारा दमटपणा एकत्र आले की लाकूड हळूहळू आणखी वाकत जातं. म्हणून इथे मधला पाय हवाच.

सावधान: प्लायच्या वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीच्या दिशेने हव्यात. आठ बाय चारच्या शीटमधे त्या आठ फुटांच्या दिशेने असतात. उरलेल्या तुकड्यातून काम भागवताना फळी हमखास आडवी कापली जाते. ती दिसायला तशीच असते, पण वाकते जास्त.

कापणी दुकानात किंवा सुताराच्या यंत्रावर करून घ्या. तिन्ही पाय एकाच मापावर, यंत्र न हलवता, एकापाठोपाठ कापायला सांगा. टेपने तीन वेळा वेगवेगळं मोजून कापलेले तीन पाय सारखे येत नाहीत.

तपासणी: तिन्ही पाय सपाट फरशीवर शेजारी उभे करून वरून बोट फिरवा. बोटाला पायरी लागली तर सगळे एकत्र क्लॅम्प करून पॉलिश पेपरने एकसारखे करा.

टप्पा ५: जोडणी, आणि तिचा क्रम

क्रम चुकला की स्टँड वाकडा होतो आणि मग तो सरळ करता येत नाही. आधी पायांना गुटके, मग पायांना मागची पट्टी, आणि सगळ्यात शेवटी वरची फळी. बहुतेकजण उलट करतात: फळी उपडी घालून तिच्यावर एकेक पाय बसवत जातात. प्रत्येक पाय जरासा तिरका बसतो आणि शेवटी पट्टी लावताना तिन्हींच्या कडा एका रेषेत येत नाहीत.

पहिल्यांदा गोंद न लावता सगळं मांडून बघा. कुठला तुकडा कुठे, वर कुठली बाजू, हे पेन्सिलीने लिहून ठेवा. गोंद लावल्यावर विचार करायला वेळ नसतो.

मग गुटके. डाव्या आणि उजव्या पायाला आतल्या बाजूने एकेक, मधल्या पायाला दोन्ही बाजूंनी. डावा-उजवा पाय एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा व्हायला हव्यात, दोन डावे झाले तर एक उखडावा लागेल. गुटक्याची वरची बाजू पायाच्या वरच्या कडेला सपाट, किंवा केसभर खाली ठेवा. वर आली तर फळी पायावर न टेकता गुटक्यावर टेकेल. गोंद आणि दोन दीड इंची स्क्रू लावा. २५ च्या गुटक्यातून गेलेला ३८ मिलिमीटरचा स्क्रू पायात १३ मिलिमीटर शिरतो, पलीकडे येत नाही. मधल्या पायाचे स्क्रू समोरासमोर घेऊ नका, आत एकमेकांवर आपटतील.

आता तिन्ही पाय मागची कड वर करून उभे करा आणि त्यांच्यावर पट्टी ठेवा. पट्टीची वरची कड आणि पायांची वरची कड एका पातळीत हवी. दोन पाय टोकाला, एक बरोबर मध्यावर. पट्टीत ४.५ चं भोक आणि पायाच्या कडेत ३ चं भोक पाडा, मग दोन इंची स्क्रू. प्लायच्या कडेत आधी भोक न पाडता स्क्रू घातला तर थर उलतात आणि पकड तिथेच संपते. ड्रिल हळू फिरवा. कड फुगताना दिसली तर थांबा आणि बाजूने क्लॅम्प लावून पुढे जा.

तपासणी: गोंद ओला असतानाच दोन्ही टोकांचे पाय पट्टीशी काटकोनात आहेत का, ते गुण्याने बघा. मग चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर चौकट सरळ आहे. एक-दोन मिलिमीटरचा फरक हाताने ढकलून जातो, पण तो आत्ताच. ही चौकट रात्रभर राहू द्या. पावसाळ्यात गोंद सावकाश सुकतो, तेव्हा पूर्ण दिवस द्या.

शेवटी फळी. जुनी चादर पसरून फळी उपडी ठेवा. कडेपासून डावी-उजवीकडे २० मिलिमीटर सोडून चौकट तिच्यावर ठेवा आणि बाहेरून पेन्सिलीने रेघ मारा. पायांच्या आणि पट्टीच्या कडांना गोंद लावून चौकट परत बसवा आणि गुटक्यांतून फळीत दीड इंची स्क्रू घाला. छोटे दोन गुटके मागच्या पट्टीला दोन्ही खणांत मध्यावर लावा. वरून एकही स्क्रू नाही, हे मुद्दाम केलं आहे. वरच्या बाजूला भोकच नसेल तर सांडलेला चहा आत जायला वाट नाही.

भरीव लाकूड वापरत असाल तर इथे तीन गोष्टी बदला. पायांच्या रेषा उभ्या ठेवा, म्हणजे पाय आणि फळी एकाच दिशेने कमीजास्त होतील. लांब गुटक्याऐवजी प्रत्येक ठिकाणी ८० मिलिमीटरचे दोन तुकडे लावा, मधे फट सोडून, आणि ते फळीला चिकटवू नका, नुसते स्क्रू घाला. गुटक्यातलं पुढचं भोक खोलीच्या दिशेने लांबट करा. पायांच्या वरच्या कडेलाही गोंद नको. मागची पट्टी मात्र फळीला चिकटवा, दोन्हींच्या रेषा एकाच दिशेने आहेत. हे न करता सगळं घट्ट चिकटवलं तर फळीला हलायला जागा मिळत नाही आणि ती एक दिवस तडकते.

टप्पा ६: वजनाची परीक्षा, रंगाच्या आधी

वॉर्निश झाल्यावर दोष सापडला तर दोन कामं वाया जातात. म्हणून आत्ताच स्टँड सरळ करा आणि मॉनिटरच्या जागी दहा-दहा किलो तांदळाच्या दोन पिशव्या ठेवा. पुढच्या कडेला दोरा ताणून धरा आणि मधे किती फट येते ते बघा. रात्रभर राहू द्या आणि सकाळी पुन्हा बघा. मिलिमीटरभर चालेल. त्याहून जास्त असेल तर प्लाय हलक्या प्रतीचा आहे किंवा आडवा कापला गेला आहे.

मग पिशव्या तशाच ठेवून स्टँडचं टोक डावी-उजवीकडे ढकला. स्टँड टेबलावर सरकला तर हरकत नाही, रबर लागल्यावर थांबेल. पाय झुकताना दिसले तर मागच्या पट्टीचे स्क्रू तपासा. दोष जवळजवळ नेहमी तिथेच सापडतो.

टप्पा ७: वॉर्निश

पेपर मारा, आधी १२०, मग २२०, रेषांच्या दिशेने. धूळ ओलसर फडक्याने पुसा आणि लाकूड सुकू द्या. मास्क लावा, प्लायची धूळ घशाला बरी नाही.

वॉर्निश सगळ्या बाजूंना द्यायचं. फळीची खालची बाजू, पायांचे तळ, पट्टीची मागची बाजू, प्रत्येक कापलेली कड. फक्त वरची बाजू चमकवली तर खालून ओल शिरत राहते, वरून नाही, आणि फळी वाकते. कडा जास्त पितात, तिथे तीन हात द्या, बाकी दोन. दोन हातांच्या मधे हलका २२० मारा.

सावधान: मृग लागल्यावर पॉलिशचं काम काढू नका. दमट हवेत लाखेचं पॉलिश आणि लॅकर पांढरट पडतं. पावसाळ्यातच काम करावं लागलं तर कोरडी दुपार पकडा आणि पीयू वापरा. पण नोव्हेंबर ते मे यासारखा काळ नाही.

टप्पा ८: मांडणी

रबरी पाय चार कोपऱ्यांना लावा. मधल्या पायाला आत्ता लावू नका. स्टँड टेबलावर ठेवून मॉनिटर चढवा आणि मग मधल्या पायाखाली कागद सरकवून बघा किती फट आहे. तेवढ्याच जाडीचं रबर कापून तिथे घाला. सहाही रबरं एकदम लावली की टेबलाच्या उंचवट्यावर मधला पाय टेकतो आणि स्टँड तराजूसारखा झुलतो.

भिंतीपासून ५० ते ७० मिलिमीटर अंतर सोडा. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीला ओल येते, आणि मॉनिटरच्या मागच्या जाळीतून हवा जायला हवी.

क्लॅम्पने पकडणारा मॉनिटरचा हात (मॉनिटर आर्म) या स्टँडला लावू नका. तो मागच्या कडेला पिळतो, आणि हा स्टँड सरळ खाली येणाऱ्या वजनासाठी आहे. हात लावायचाच तर थेट टेबलाला लावा, खालून लोखंडी पट्टी देऊन.

वायरी मागच्या फटीतून काढा, पण एक्स्टेंशन बोर्ड स्टँडखाली कोंबू नका. तिथे उब असते, पाली येतात. बोर्ड टेबलाच्या बाजूला, हवेशीर, जमिनीपासून वर बांधा. वायरी लोंबत्या ठेवल्या की उंदीर कुरतडतात. स्टँडच्या मागच्या पट्टीला क्लिपा मारून त्या वरच्या वर न्या.

दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी झाली की, स्टँड एकदा उपडा करून सगळे स्क्रू हाताच्या स्क्रूड्रायव्हरने पारखा. ड्रिलने नको. पाव फेरा बसला तर बसवा. पायांच्या तळाचं वॉर्निश रबराच्या कडेने उडालेलं असेल तर तिथे एक हात द्या. फळीखाली पिठासारखा भुसा दिसला तर स्टँड लगेच घराबाहेर काढा.